पाहा: आप्पा

सकाळी पावणेसातला फोन वाजला की आमच्या घरात दोनच शक्यता धरतात. एक तर नात्यातलं कुणीतरी गेलं, नाहीतर आप्पा. गेलेल्याचा फोन दोन मिनिटांत आटोपतो.

"झोपला होतात का? बरं, आता उठलाच आहात तर सांगा. तुमच्याकडे ज्ञानेश्वरी कुठं असते?"

"कपाटात, आप्पा."

"कपाटातच असणार, चुलीवर कोण ठेवतं? तालिकेत कुठं येते? 'ज'मध्ये, की शेवटी 'ह-ळ-क्ष-ज्ञ'मध्ये?"

मी एका 'क' वर्गाच्या वाचनालयाचा कार्यवाह आहे. हे पद गावात कुणी घेईना, आणि ज्या सभेत ते वाटलं गेलं त्या सभेला मी उशिरा पोचलो, एवढीच माझी लायकी. ज्ञानेश्वरी आमच्याकडे आहे की नाही हेच मला पावणेसातला आठवेना. पण आप्पांना "बघून सांगतो" म्हटलेलं चालत नाही. ते म्हणतात, "बघा. मी धरतो."

आप्पा हे एकाच माणसाचं नाव आहे असं समजू नये. खानदेशात तालुक्यागणिक एक आप्पा असतो. कुठं त्याला नाना म्हणतात, कुठं अण्णा, कुठं नुसतंच सर. कुठल्या तरी वाचनालयात किंवा कॉलेजात तीस-पस्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेली असतात. नोकरीत असताना तो एका इमारतीत बंदिस्त असतो. निवृत्त झाला की मोकळा सुटतो. बाकीची माणसं सेवानिवृत्तीनंतर चारधामला जातात. आमचे आप्पा एरंडोल, पारोळा, अमळनेर, धुळे अशी यात्रा करतात, एसटीनं, अर्ध्या तिकिटात. प्रत्येक ठाण्यावर उतरून तिथल्या वाचनालयाची दाखल नोंदवही मागवतात आणि पहिल्याच पानावर बोट ठेवून म्हणतात, "हे असं का?"

खांद्याला शबनम. तिच्यात स्टीलची सहा इंची पट्टी, दोन रंगांची पेनं, डिंकाची बाटली आणि रबर बँड लावलेला कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. कार्ड साडेबारा सेंटिमीटर बाय साडेसात सेंटिमीटर, खाली मधोमध गजासाठी भोक. कार्डांची कपाटं बऱ्याच ठिकाणी भंगारात गेली, काही ठिकाणी त्या छोट्या ड्रॉवरांत आता बल्ब, खिळे आणि पावतीपुस्तकं राहतात. तरी आप्पांची कार्डं संपत नाहीत. कुठून आणतात कोण जाणे. लग्नाच्या आहेराच्या पाकिटात पैशांबरोबर असं एक कार्ड निघाल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. वरती नवरदेवाचं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. 'चि.' गाळलेलं. "उपाधी नोंदीत घ्यायची नसते."

त्यांचं आयुष्यातलं ध्येय ऐकायला साधं आहे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतल्या सगळ्या सार्वजनिक वाचनालयांनी पुस्तकांच्या नोंदी एकाच पद्धतीनं कराव्यात. एका पुस्तकाला सगळीकडे एकच नाव, लेखकाला एकच शीर्षक, विषयाला एकच अंक. म्हणजे मग पारोळ्याच्या पोराला हवं असलेलं पुस्तक पारोळ्यात नसेल, तर ते धुळ्यात आहे की जळगावात हे तिथल्या तिथं कळेल. शिवाय एका पुस्तकाची नोंद एकानं नीट केली की बाकीच्यांनी ती उतरवून घ्यावी, वीस जणांनी वीसदा डोकं का फोडायचं?

"वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९०१ साली छापील कार्डं विकायला काढली," आप्पा सांगतात. "१९०१! आणि १९६७ साली ओहायोतल्या कॉलेजांनी एकत्र येऊन सगळ्यांची मिळून एकच तालिका करायला घेतली. त्याच १९६७ साली आपल्याकडे काय झालं?"

"काय झालं?"

"सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला! वर्ष तेच. त्यांनी तालिका केली, आपण वाचनालयांचं अ-ब-क-ड केलं."

यात आप्पांचा कायद्यावर राग नाही. त्या कायद्यामुळेच राज्यात दहा हजारांच्या वर वाचनालयं अनुदानावर उभी आहेत आणि आप्पांना फिरायला मुलूख मिळाला आहे. त्यांचा राग इंग्रजांवर आहे. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, तिथून सगळं बिनसलं असं त्यांचं मत. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तेव्हा बाकी लोक कलेक्टर कचेरी कुठं होणार याची चर्चा करत होते. आप्पा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "म्हणजे आता तीन तालिका."

त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांचा फोटो आहे. १२ ऑगस्टला त्याला हार आणि समोर पेढे. काकूंनी सुरुवातीची काही वर्षं हे कुणीतरी दक्षिणेकडचे महाराज असावेत असं समजून मनोभावे हळदकुंकू वाहिलं. रंगनाथनांची पाच सूत्रं आप्पांना मुखोद्गत आहेत. त्यातलं चौथं, 'वाचकाचा वेळ वाचवा', हे समजावून सांगायला त्यांना सव्वा तास लागतो. एकदा आमच्या वाचनालयात ते सांगत असताना पेपर वाचायला आलेले तिघे उठून गेले. "बघा," आप्पा म्हणाले, "त्यांचा वाचला."

आप्पांचा खरा शत्रू म्हणजे मराठी लेखक. लिहितात ते ठीक, पण नावं किती घेतात! दशांश वर्गीकरण काढणाऱ्या ड्यूईसाहेबानं वेळ वाचावा म्हणून स्वतःच्या 'मेल्व्हिल' नावातली दोन अक्षरं उडवली होती, ही गोष्ट आप्पा शाळेतल्या मुलांना श्रावणबाळाच्या थाटात सांगतात. "आणि आपले? एक नाव पुरत नाही म्हणून टोपणनाव. कविता लिहिल्या की आरती प्रभू, कादंबरी लिहिली की चिं. त्र्यं. खानोलकर. कवितेत कुसुमाग्रज, नाटकात शिरवाडकर. अरे बाबा, माणूस एक ना? मग त्याला एका कपाटात बसू दे ना!"

त्यातही घरच्या माणसांनी दिलेला त्रास जास्त लागतो. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनाला गेले. वय सतराच्या आत. अध्यक्ष कर्नल डॉ. कीर्तिकर खूश झाले आणि त्यांनी मुलाला 'बालकवी' म्हटलं. सगळा महाराष्ट्र त्या क्षणाचं कौतुक करतो. आप्पा म्हणतात, "कीर्तिकरसाहेब टाळ्या घेऊन गेले. निस्तरतोय कोण? कुणी 'ठोंबरे'खाली लावतो, कुणी 'बालकवी'खाली, एकानं तर 'कवी, बाल' असं लिहून बालविभागात टाकलेत." मात्र भुसावळकडे जाताना गाडी भादलीवरून गेली की आप्पा खिडकीकडे तोंड करून बसतात. १९१८ साली बालकवी तिथंच रुळांवर गेले. त्या पाच-दहा मिनिटांत आप्पांना कुठल्याही शीर्षकाबद्दल काही विचारू नये.

बहिणाबाईंचं तर रामायण आहे. एक बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. दुसऱ्या आसोद्यात जन्मलेल्या, जळगावच्या चौधरी. एका गावच्या वाचनालयात दोघींच्या नोंदी एकावर एक चढल्या आणि आमच्या जळगावच्या शेतकरीण बाईंना थेट तुकाराम महाराजांचा अनुग्रह मिळाला. आप्पांनी ती नोंद वाचली तेव्हा त्यांना पाणी द्यावं लागलं. पण पाणी पिऊन झाल्यावर ते जे बोलले ते मला आठवतं. "या बाईला अक्षर येत नव्हतं. मुलानं आणि भाच्यानं गाणी उतरून घेतली. १९५१ साली ती गेली आणि पुस्तक आलं १९५२ साली. स्वतःचं नाव छापलेलं तिनं पाहिलं नाही. आता विद्यापीठाला तिचं नाव आहे. तिच्या नावाचं एक कार्ड तरी आपण बरोबर लिहू नये?"

हे सगळं एकदाचं ठरवून टाकावं म्हणून आप्पांनी बैठक बोलावली. 'एकदाचं ठरवून टाकू' हे त्यांचं पेटंट वाक्य. डिसेंबरातला रविवार, जळगावकडच्या एका मळ्यात, कारण डिसेंबरात भरताची हिरवी वांगी असतात आणि वांग्यांशिवाय दोन जिल्हे एकत्र येत नाहीत हे आप्पांना ठाऊक आहे. चौदा वाचनालयांची माणसं आली. पत्रिकेवर बारा विषय. पहिला विषय 'ज्ञ'.

धुळ्याकडचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "क्ष आणि ज्ञ शेवटी. मास्तरांनी छड्या मारून शिकवलंय, ते मी बदलणार नाही."

जळगावकडचा एक तरुण ग्रंथपाल म्हणाला, "काका, काँप्युटरला मास्तरांनी मारलेलं नाही. त्याच्या लेखी ज्ञ म्हणजे ज आणि ञ. तो 'ज'च्या शेवटी लावतो. आणि 'ळ'ला तर तो 'ल'च्या मागोमाग बसवतो."

इथं खरी ठिणगी पडली. 'ळ' 'ल'शेजारी बसला तर व. पु. काळे कावळ्यांच्या आधी येतात, आणि शाळेतल्या क्रमानं गेलं तर काशीकरांच्याही नंतर. काळ्यांची नेमकी जागा कोणती यावर पाऊण तास गेला. सभेत काळे आडनावाचे कुणी नव्हते हे नशीब. शेवटी आप्पांनी तोडगा काढला. ज्ञ शेवटीच ठेवायचा, पण 'ज'च्या जागी एक कार्ड लावायचं: 'ज्ञ पाहा'. ज्यांच्याकडे काँप्युटर आहे त्यांनी उलट करायचं.

"म्हणजे इकडे 'तिकडे पाहा' आणि तिकडे 'इकडे पाहा'?" मागून कुणीतरी विचारलं. "वाचक काय फुगडी घालेल?"

एक वाजला. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास सुटला होता आणि अकरा विषय शिल्लक होते. आप्पांनी घाईनं दुसरा घेतला: विनोबांची 'गीताप्रवचने'. हा सोपा वाटला म्हणून घेतला होता. पण १९३२ साली ही प्रवचनं झाली धुळ्याच्या तुरुंगात. ती उतरून घेतली साने गुरुजींनी, आणि गुरुजी म्हणजे अमळनेरच्या शाळेतले मास्तर. धुळेकरांचं म्हणणं, पुस्तक स्थानिक विभागात हवं, धुळ्याच्या भिंतींनी ते आधी ऐकलं. अमळनेरकरांचं म्हणणं, गुरुजींची लेखणी नसती तर भिंतींनी ऐकून काय केलं असतं? साने गुरुजींच्या नावानं वेगळी नोंद हवी, आणि ठळक हवी. कुणीतरी विनोबांचा जन्म कुलाब्यातल्या गागोद्याचा आहे अशी आठवण करून दिली, तेव्हा दोन्ही जिल्हे एक होऊन त्याच्या अंगावर गेले. त्या दिवसातली ती एकमेव एकवाक्यता.

मग भरीत आलं. कांद्याची पात, तळलेली मिरची, पुऱ्या. तिसरा विषय कुणी काढला नाही. ठराव मात्र एकमतानं झाला: पुढची बैठक धुळ्याला घ्यावी. धुळ्याला शेवभाजी होती.

चेष्टा केली खरी, पण तीन बैठकांत मिळून पाच नियम ठरले आणि ते आज चौदापैकी नऊ ठिकाणी पाळले जातात. आडनाव आधी. संतांची नोंद त्यांच्या नावाखाली, म्हणजे तुकाराम 'त'मध्ये. अनेक खंडांचा ग्रंथ एक ग्रंथ धरून खाली खंड लिहायचे. हा नियम सगळ्यात कडू गेला, कारण अ-ब-क-ड ठरताना ग्रंथसंख्या मोजतात. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड बावीस. ज्यांच्याकडे ते होते त्यांना बावीस पुस्तकं एकदम एक होताना दिसली. आप्पांना समजावून सांगावं लागलं की दाखल अंक बावीसच राहतील, तालिकेतली नोंद तेवढी एक होईल. "राजवाडे धुळ्यात गेले," ते म्हणाले, "जन्मभर गावोगाव कागद गोळा करत फिरले. त्यांचं विखरू नका हो."

चौथा नियम उपाधी गाळण्याचा. त्यामागं एक दुःखद इतिहास आहे. एका वाचनालयानं (नाव सांगत नाही, शेवभाजी चांगली करतात) नोंदीमागं पैसे ठरवून एका मुलाला काँप्युटरवर बसवलं. त्याला सांगितलं, शेवटचा शब्द आडनाव, ते आधी घे. मुलगा प्रामाणिक. त्यानं 'महाराज, तुकाराम', 'महाराज, ज्ञानेश्वर', 'महाराज, गाडगे' अशा रांगा लावल्या. 'गुरुजी, साने' आले. लेखक आणि नाव यांचे रकाने एकदा चुकून बदलले तेव्हा 'आई, श्यामची' आली. वर्षअखेरीला कोणत्या लेखकाची सर्वाधिक पुस्तकं आहेत याची यादी छापून निघाली. पहिले महाराज. दुसरे ह. भ. प. ती यादी आप्पांनी शबनममध्ये घडी करून ठेवली आहे. कुणी "कशाला हवी एवढी शिस्त?" म्हणालं की बाहेर काढतात, ब्लडप्रेशरच्या रिपोर्टसारखी.

पाचवा नियम: विषय ठरवताना नावावर जायचं नाही, आत काय आहे ते उघडून पाहायचं. ही नेमाड्यांची कृपा. नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे, आमचेच. पण एका वाचनालयानं १९६३ची 'कोसला' रेशीम उद्योग समजून शेती विभागात लावली होती. तिथंच 'हिंदू' धर्म विभागात होती. आप्पांनी दोन्ही ओढून काढली आणि ८९१.४६३ च्या कप्प्यात आणून ठेवली. मराठी कथा-कादंबरीचा हा अंक आप्पांना स्वतःच्या फोन नंबरपेक्षा जास्त पाठ आहे. बँकेत पासवर्ड विचारला तेव्हा त्यांनी काय सांगितलं असेल ते मी लिहीत नाही, पण ओळखायला अवघड नाही.

काँप्युटरबद्दल आप्पांचं मत जावयासारखं आहे. आला आहे, करता काय, मान राखायचा. सरकारी ई-ग्रंथालय, फुकट मिळणारं कोहा, वाचनालयांच्या अशा सगळ्या सॉफ्टवेअरची त्यांना माहिती आहे. 'कोहा' हा माओरी भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ भेट, हे ते चहा देणाऱ्या पोऱ्यालासुद्धा सांगतात. पण पहिल्यांदा दोन वाचनालयांनी एकमेकांना याद्या पाठवायचं ठरवलं तेव्हा जळगावकडच्यांचा फॉन्ट एक, धुळ्याकडच्यांचा दुसरा. जळगावहून निघालेली ज्ञानेश्वरी धुळ्यात पोचली ती चौकोन, प्रश्नचिन्हं आणि उलटे टोपीवाले 'य' होऊन. दुसऱ्या बाजूनं काही हुशारांनी नावं इंग्रजी अक्षरांत टाकली होती. त्यात 'श्यामची आई' सात प्रकारे होती. आप्पांनी सातही प्रिंट काढून एकाखाली एक चिकटवल्या. म्हणाले, "गुरुजींना एकच आई होती."

घरी हा माणूस कसा असेल असा प्रश्न पडणं साहजिक आहे. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. 'जिरे. पाहा: मिसळणाचा डबा, वाटी ३.' 'हळद. हेही पाहा: औषधे.' काकूंनी यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. त्या न बघता हात घालतात आणि हवं ते काढतात. एकदा त्या आठ दिवस चाळीसगावला माहेरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतःच्या हस्ताक्षरातल्या 'साखर' या डब्यातून चहात दोन चमचे घातले. ते मीठ होतं. साखर सापडली 'मुगाची डाळ' या डब्यात. काकू परत आल्यावर आप्पांनी खुलासा मागितला, लेखी नव्हे पण त्याच सुरात.

काकू म्हणाल्या, "नावावर जाऊ नये, आत काय आहे ते उघडून पाहावं, असं तुम्हीच सांगता ना लोकांना?"

आप्पांनी हा किस्सा मला स्वतः सांगितला. वर म्हणाले, "नियम पाच. पाठ आहे तिला."

त्यांची एक जाड वही आहे. तिच्यात ओळखीच्या सगळ्या माणसांची नावं, तालिकेच्या पद्धतीनं. आडनाव, नाव, कंसात जन्मसाल आणि पुढं एक आडवी रेघ. आमच्याकडे पाटील, चौधरी, महाजन इतके की जन्मसाल नसेल तर कोण कोणता कळायची सोय नाही. लेखक हयात असेल तर रेघ उघडी ठेवायची असते, गेला की पुढचं साल भरून बंद करायची. कुणाच्या अंत्यविधीहून आले की आप्पा आंघोळ करतात, वही काढतात, ते साल भरतात आणि मग चहा घेतात. माझंही नाव त्यात आहे. एकदा त्यांनी दाखवलं. माझ्या रेघेकडे मी जरा जास्तच वेळ पाहत राहिलो असेन, कारण ते म्हणाले, "लांब ओढलीय. काळजी करू नका."

आमच्या वाचनालयात बापू आहेत. पद शिपायाचं, काम ग्रंथपालाचं, पगार दोन्हींच्या मधला नव्हे, दोन्हींच्या खालचा. बापूंना वर्गांक कळत नाही. त्यांना पुस्तक कळतं. "ते हिरवं, कडेला उंदरानं खाल्लेलं." "ते गुरव मास्तरांच्या सुनेकडं आहे, बाळंतपण झालं की येईल." आप्पांनी एका रविवारी आमची सगळी कपाटं दशांश पद्धतीनं लावून दिली. त्यानंतर दोन महिने आम्हाला काही सापडलं नाही. तिसऱ्या महिन्यात सापडायला लागलं. मी समजलो, बापू पद्धत शिकले. तर त्यांनी आकडे जागा म्हणून पाठ केले होते. आठशे एक्याण्णव म्हणजे खिडकीखालचं, दोनशे चौऱ्याण्णव म्हणजे गळतं त्याच्या बाजूचं. आप्पांना हे कळलं तेव्हा ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "छत दुरुस्त केलंत तर?"

परवा आप्पा आमच्याकडे असताना एक आजी आल्या. आसोद्याकडच्या, लेकीकडे राहायला आलेल्या. बरोबर सातवी-आठवीतली नात. आजी दारातच म्हणाल्या, "भाऊ, ते सोपानच्या मायच्या गान्यांचं पुस्तक हाये का? मले वाचता येत नाही, हे पोरगी वाचीन."

आप्पा सरसावले. "आजी, लेखकाचं नाव काय?"

"सांगतलं ना. सोपानची माय."

"तसं नाही. पुस्तकावर नाव काय असतं?"

"मले वाचता आलं असतं तर मी तुले विचारलं असतं का?"

तोवर बापू उठून खिडकीखाली गेले आणि 'बहिणाबाईंची गाणी' घेऊन आले. नातीनं सही केली. आजींनी पुस्तक कपाळाला लावलं आणि दोघी निघून गेल्या. आप्पा बराच वेळ दाराकडे पाहत राहिले. सोपानदेव चौधरींची माय. आजी अगदी बरोबर बोलत होत्या. आमच्या तालिकेत त्या नावाला जागा नव्हती, एवढंच.

मग त्यांनी शबनममधून एक कोरं कार्ड काढलं, पट्टी ठेवली आणि त्यांच्या त्या टायपासारख्या अक्षरात लिहिलं:

सोपानची माय
पाहा: चौधरी, बहिणाबाई (१८८०–१९५१)

दुसऱ्या दिवशी पावणेसातला फोन.

"ते कार्ड कुठं लावलंत? 'स'मध्ये?"

"हो, आप्पा."

"एक 'म'मध्येही लागेल. 'माय, सोपानची.'"

मी त्यांना 'आई, श्यामची'ची आठवण करून दिली नाही. सकाळची वेळ होती.

"आणि हे मी काल रात्रीच धुळ्याला कळवलंय," आप्पा म्हणाले. "त्यांचं म्हणणं, असं परस्पर कार्ड करता येणार नाही, विषय बैठकीत घ्यावा लागेल. तुमच्याकडे भरताची वांगी आली का बाजारात?"